पाळणाघर चालवायचं तर रोज काय काय करायचं: शिस्त, तब्येत आणि सेफ्टी

संध्याकाळी चारच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा भोंपू वाजवत, आणि तो आवाज आला की वाड्यावरची पोरं धावत सुटतात हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमचं पाळणाघर फोंड्याच्या बाजूला. पहिल्याच वर्षी असं झालं की आमची एक बाई पाव घ्यायला बाहेर गेली, गेट नुसतं लोटलेलं, आणि तीन वर्षांचा एक मुलगा तिच्या मागून निघून सरळ पोदेराच्या सायकलमागे चालायला लागला. शेजारच्या काकींनी त्याला वळणावर बघितलं आणि हाताला धरून आणून सोडला. त्याला काही झालं नाही. पण काकी दारात येईपर्यंत तो आत नाहीये हे आम्हा तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून नवीन पाळणाघर काढणारी कुणीही विचारायला आली की मी पहिलं सांगते, डोकी मोजा. रंग, खेळणी, भिंतीवरची चित्रं, सीसीटीव्ही हे सगळं नंतर. मोजायचं म्हणजे नजर फिरवून "आहेत गो सगळी" म्हणायचं नाही, एकेकाचं नाव घेऊन त्याचं तोंड बघून मोजायचं आणि वहीत वेळ आणि आकडा लिहायचा. जागा बदलली की मोजायचं, म्हणजे अंगणातून आत आलो, जेवायला बसलो, झोपवलं, उठवलं, बाथरूमला नेऊन आणलं, प्रत्येक वेळी. मधे काहीच बदललं नाही तरी अर्ध्या तासाने एकदा. सुरुवातीला बायका कंटाळतात, "बारा पोरं तर आहेत, दिसतायत ना" म्हणतात, पण महिन्याभरात सवय होते आणि मग न मोजता चैनच पडत नाही. बाहेर न्यायचं असेल तर जाड दोरीला गाठी मारून घ्या, एका गाठीला एक मूल, पुढे एक बाई मागे एक बाई.

गेटची कडी मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला पाहिजे, आणि जी उघडेल तिने बंद केल्यावर तोंडाने सांगायचं, "गेट लावलं". पोदेर, गॅसवाला, मासेवाली, कुणीही आलं तरी हाच नियम.

मूल कुणाच्या हातात द्यायचं हेही ठरलेलं पाहिजे. आपल्याकडे बाबा शिपवर, आई वेर्ण्याला नाहीतर कुंडईला शिफ्टमध्ये, न्यायला कधी आजोबा कधी मावशी कधी शेजारचा दादा, असं असतंच. म्हणून अ‍ॅडमिशनलाच तीन-चार माणसांची नावं, फोटो, नंबर घेऊन ठेवा आणि यादीत नसलेलं माणूस आलं तर आधी आईला आपण फोन करायचा, समोरच्याने लावून दिलेल्या फोनवर बोलायचं नाही. ओळखीचा काका असला तरी. मूल त्याच्याकडे धावत गेलं तरी. लोकांना राग येतो, "आम्हाला ओळखत नाही का तुम्ही" म्हणतात, येऊ दे राग. न्यायला आलेल्याला दारूचा वास येत असेल तर मूल द्यायचं नाही, दुसऱ्या माणसाला बोलवायचं, यात भीड नको.

किती मुलांमागे किती बायका? मी स्वतः दोन वर्षांच्या आतली चार बाळं असली तर एक बाई, दोन ते तीनची सहा, आणि त्याच्या वरची दहा असा हिशोब धरते, आणि जेवण करणारी बाई यात मोजत नाही. कारण आग लागली तर एक बाई रांगती बाळं किती उचलणार? याहून जास्त मुलं घेतली की पैसे बरे येतात हे मला कळतं पण मग वरचं आणि खालचं काहीच पाळता येत नाही.

घर आणि अंगण

एक काम करा, गुडघ्यांवर रांगत सगळं घर एकदा फिरा. खालून वेगळंच दिसतं, सॉकेट, टेबलाचा कोपरा, पडद्याची लोंबणारी दोरी, सोफ्याखाली पडलेला रिमोटचा गोल सेल. तो चपटा गोल सेल गिळला तर दोन तासांत अन्ननळी आतून जळायला लागते, नुसता संशय असला तरी थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही. कपाटं भिंतीला ठोकून घ्या.

पाण्याचं मात्र नीट सांगते. आपल्याकडे घराघरात विहीर, आणि लोकांना वाटतं विहिरीला जाळी घातली की झालं. जाळी हवीच, कुलूप लावलेली. पण नुकतं चालायला लागलेलं बाळ बादलीतसुद्धा बुडतं, वीतभर पाणी पुरतं, कारण त्याचं डोकं जड असतं, वाकून आत पडलं की उलटं वर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही, उपडी घालायची, आणि बाथरूमला बाहेरून वर कडी.

अंगणात पिवळ्या कण्हेरीचं कुंपण असेल तर काढून टाका, दिसायला छान पण बी, पान, चीक सगळं विषारी. एरंड, गुंजा तेच. काजूच्या दिवसात कच्च्या बिया मुलांच्या हाताला लागू देऊ नका, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, ओठ सुजतात. चवथ झाली की मुलांच्या खिशातून गणपतीवर टांगलेल्या माटोळीची रानफळं निघतात, खिसे बघायची सवय ठेवा. आणि फिनेल, टॉयलेट क्लीनर, ब्लीच हे कुलपात, आपापल्या मूळ बाटलीत, पाण्याच्या नाहीतर सरबताच्या बाटलीत ओतून कधीच नाही. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून घासायची काही बायकांना सवय असते, त्यातून क्लोरीन गॅस येतो, बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो, बाईला नीट समजावून सांगा.

आजारी मूल

आई कामावर निघालीये, तिची रजा संपलीये, मुलाला अंगात बारीक ताप आहे आणि ती दारात म्हणते "टीचर, सकाळी औषध दिलंय, आता बरा आहे". दर पावसाळ्यात हे होतं. मला त्या आईची फार दया येते, पण औषधाने दाबलेला ताप चार तासांनी परत येतो आणि तोवर बाकीच्या अकरा जणांना मिळालेला असतो. म्हणून नियम छापून, सही घेऊन, अ‍ॅडमिशनच्या दिवशीच द्यायचा, म्हणजे दारात भांडण होत नाही. आमचा असा: १००.४ च्या वर ताप असेल तर घरी, आणि औषध न देता २४ तास ताप नाही असं झालं की परत. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास घरी. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडावर पुरळ येणारा तो आजार असेल तर ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. डोळे आले तर डॉक्टर सांगेपर्यंत. साधी सर्दी, नाक वाहतंय पण खेळतंय जेवतंय, तर येऊ दे, नाहीतर पाळणाघर वर्षभर रिकामंच राहील. उवा झाल्या तर घरी पाठवत नाही, आईला बाजूला घेऊन हळूच सांगते, चारचौघांत नाही.

ताप दुपारी आमच्याकडे चढला तर लगेच फोन, आणि मूल वेगळ्या खाटेवर, पण खोलीत एकटं नाही, कुणीतरी जवळ बसलेलं. आजारी मुलाला शिक्षा झाल्यासारखं कोपऱ्यात ठेवू नका हो.

औषध आम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि आईबाबांच्या लेखी परवानगीशिवाय देत नाही. यात एक धोका बऱ्याच जणींना माहीत नसतो. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं, ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि बाळांचे ड्रॉप्स त्याहून खूप घट्ट. म्हणजे "एक चमचा द्या" या सांगण्याला काही अर्थच नाही, बाटली बदलली की डोस दुप्पट. डोस वजनावर असतो. म्हणून चिठ्ठीवर बाटलीचं पूर्ण नाव, किती मिली, किती वाजता हे पाहिजे, मोजायला बाटलीबरोबरचं माप, घरचा चमचा नाही, आणि देताना दुसरी बाई बघायला. दिलं की लगेच वहीत, नाहीतर दुसरी येऊन परत देते.

लसीचं कार्ड बघून झेरॉक्स ठेवा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांनी, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, हा दुसरा हमखास राहतो. राहिला असेल तर रागावू नका, जवळच्या हेल्थ सेंटरला कधी लस असते ते सांगा, तिथे फुकट मिळते.

हात धुणं म्हणजे साबण लावून २० सेकंद, मुलांनी जेवायच्या आधी, बाथरूमनंतर, मातीत खेळून आल्यावर, आणि बायकांनी प्रत्येक नॅपीनंतर, मूल धुतल्यावर स्वतःचेही आणि मुलाचेही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, खुंटीवर चित्र चिकटवलेलं, कुणाचा मासा कुणाची होडी. सगळ्यांना एकच पंचा ही पाळणाघरातली सगळ्यात घाण सवय.

पावसात मच्छर. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, म्हणजे नेमका आपल्याकडे मुलं असताना, म्हणून दुपारच्या झोपेला मच्छरदाणी पाहिजे आणि आठवड्यातून एक दिवस, आमचा शनिवार, सगळं साचलेलं पाणी ओतायचं, करवंट्या, कुंड्यांच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे, माडाखाली पडलेलं काहीबाही. अंड्यापासून मच्छर व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्याला एकदा पुरतं. पायरीवर शेवाळ धरलं तर त्याच दिवशी घासा.

झोप आणि जेवण

वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवायचं, सपाट गादी, उशी नाही, तोंडाजवळ पांघरूण नाही. आज्या मोहरीची उशी देतात, डोकं गोल व्हावं म्हणून, मी ती प्रेमाने घेते आणि निघताना तशीच परत देते, आणि का ते समजावते. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी, फ्रॉकला लावलेली सेफ्टी पिन, सगळं झोपायच्या आधी काढून नाव घातलेल्या डबीत. श्रद्धेचा मान ठेवायचा असेल तर दोरा पायात बांधा सांगते, बऱ्याच आया ऐकतात. खोलीत एक बाई जागी, मोबाईल न बघता, आणि दर दहा मिनिटांनी छाती हलतेय का ते जवळ जाऊन बघायचं.

जेवण आमचं साधं, सकाळी पेज नाहीतर नाचणीचं तिजण, दुपारी वरण-भात, भाजी, एखाद दिवशी मासे. माशाचा काटा बाईने बोटांनी चाचपून काढायचा, बांगड्याचा तर दोनदा. पाच वर्षांच्या आत शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, खोबऱ्याचे तुकडे, जांभळाची बी, फणसाची आठळी यातलं काही नाही. द्राक्षाचे उभे चार भाग करा. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, जिभेला लावण्यापुरतासुद्धा. चालताना, रडताना, हसवताना घास नाही, बसूनच. कोलंबी, काजू, अंडं, दूध यातलं कुणाला चालत नाही त्याची यादी स्वयंपाकघराच्या दारावर, मुलाच्या फोटोसकट.

आणि घास बळेच कोंबायचा नाही. मूल तोंड फिरवतं म्हणजे त्याचं पोट भरलं, ताट संपलं नाही तरी चालेल.

शिस्त

आमच्याकडे तीन गोष्टी अजिबात नाहीत. हात उचलायचा नाही, कोंडायचं नाही, भीती घालायची नाही. पहिल्या दोन सगळ्यांना पटतात, तिसरीवर वाद होतो. "बागुलबुवा येईल", "पोलीस धरून नेईल", "डॉक्टर सुई टोचेल" हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की बाईला कळतही नाही ती बोलली ते. पण डॉक्टरची भीती घातलेलं मूल खरंच आजारी पडल्यावर तपासू देत नाही, आणि पोलिसाची भीती घातलेलं मूल जत्रेत हरवलं तर पोलिसापासूनच लपून बसेल. जेवण बंद, झोप बंद, आईला येऊ देणार नाही, हेही नाही. चड्डीत झालं म्हणून चार जणांसमोर "शी शी" करणं तर नाहीच, मुकाट्याने धुवायचं, कोरडी चड्डी घालायची, बस्स.

आणि हा नुसता मायेचा प्रश्न नाही, कायदा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात दिलंय त्याने मारहाण केली, छळलं, मुद्दाम दुर्लक्ष केलं तर गुन्हा आहे, आणि मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतला माणूस असेल तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. गोव्यात तर २००३ पासून मुलांसाठी वेगळा कायदा आहे. नवीन बाईला कामावर ठेवताना हे मी वाचून दाखवते.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे दिवसाचा क्रम रोज तोच ठेवायचा. दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही पण खेळ झाला की हात धुवायचे, हात धुतले की जेवण, जेवण झालं की झोप हे कळतं, आणि पुढे काय होणार हे कळलं की निम्मी रडारड थांबते. खेळ एकदम बंद करायचा नाही, "अजून दोनदा घसरगुंडी, मग हात धुवायचे" असं आधी सांगायचं आणि दोनदा झाली की खरंच उठवायचं. "धावू नको" पेक्षा "हळू चाल" सांगा, "ओरडू नको" पेक्षा "माझ्या कानात सांग". काय करू नको ते कळलं तरी मग काय करू हे त्या वयात सुचत नाही. आणि बोलायचं तर जवळ जाऊन, खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. आमच्याकडे कोंकणी, मराठी, हिंदी, कानडी सगळी पोरं आहेत, खोलीच्या त्या टोकाहून ओरडलेलं कुणालाच कळत नाही, जवळ येऊन हात धरून सांगितलेलं सगळ्यांना कळतं.

चावणं. यावर सगळ्यात जास्त फोन येतात. साधारण एक ते अडीच वर्षांची मुलं चावतात, दात येत असतात, बोलता येत नाही, जागा कमी, खेळणं एक आणि हात तीन, नाहीतर भूक नाहीतर झोप. मूल वाईट आहे म्हणून नाही चावत. चावलं की आधी ज्याला चावलंय त्याला जवळ घ्यायचं, साबणाने जखम धुवायची, गार ओला कपडा धरायचा. चावणाऱ्याला खाली बसून दोनच वाक्यं, "चावायचं नाही. त्याला दुखलं." मोठं भाषण नाही. मग त्याला बरोबर घेऊन बसायचं, एकटं कोपऱ्यात नाही. काही आज्या सांगतात त्याला पण एकदा चावून दाखवा म्हणजे कळेल, तसं अजिबात करू नका, त्यातून मोठ्यांनी चावलं तर चालतं एवढंच तो शिकतो. आणि वहीत लिहायचं, किती वाजता, कुठे, कशावरून. आमच्याकडे एक मुलगा पंधरा दिवस रोज चावत होता, त्याच्या आईला तर रडू यायचं, आणि वही उघडून बघितली तर प्रत्येक वेळी पावणेबारा ते बारा, जेवणाच्या आधी. जेवण साडेअकराला केलं, हवा असायचा तो लाल ट्रक अजून एक आणला, आठवड्यात थांबलं. कुणी चावलं ते दुसऱ्या आईला सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी, पण चावलंय हे लपवायचंही नाही, घरी कपडे काढताना तिला वळ दिसायच्या आधी आपण सांगितलेलं पाहिजे.

बाईचाच संयम सुटला तर? सुटतो, दिवसभर सात पोरं रडत असतात. आमच्याकडे ती नुसतं "जरा बघ गो" म्हणते आणि दुसरी येते, पहिली पाच मिनिटं बाहेर पाणी पिऊन येते, कुणी काही विचारत नाही. हे आधी ठरवून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाही.

स्पर्शाचं

नॅपी आणि अंघोळ उघड्या दाराने, दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल अशी. ड्रायव्हर, माळी, दुरुस्तीवाला, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणीही मुलांबरोबर एकटं राहणार नाही. कामावर ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशन घ्या, आधीच्या ठिकाणी स्वतः फोन करा. शरीराच्या भागांना खरी नावं शिकवा, म्हणजे काही झालं तर त्याला सांगता येईल. मूल काही बोललं किंवा अंगावर काही दिसलं आणि संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. चौकशी आपण करायची नाही, मुलाला परत परत विचारायचं नाही, त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवायचे आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ नाहीतर पोलीस ११२ ला फोन. घराण्याची अब्रू, वाड्यावर काय म्हणतील, हे त्यावेळी मधे आणायचंच नाही.

आईबाबांना कधीही न सांगता येऊ द्या. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या जागी पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा दिली, मग आपल्या छोट्या पाळणाघरात "दोन ते चार येऊ नका" कशाला? ज्या दिवशी आई अचानक आली तर आपल्याला धास्ती वाटते त्या दिवशी काहीतरी चुकतंय.

अपघात झाला तर

अँब्युलन्सचा १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात, खाली आपला पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, कारण घाबरल्यावर आपलाच पत्ता आठवत नाही.

घशात अडकलं आणि मूल खोकतंय तर खोकू दे. आवाजच येत नसेल तर वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधे तळव्याने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत थापा. मोठं असेल तर पुढे वाकवून पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर पाच दाब. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधायची नाही. हे वाचून येत नाही, बाहुलीवर ट्रेनिंग घ्या, सगळ्याजणी, स्वयंपाकवालीसकट.

तापात झटके आले तर कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा बोट काही नाही, कांदा चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८, थांबलं तरी डॉक्टर. भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट हळद बर्फ नाही. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा असला तरी १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी लस. चिऱ्याच्या गडग्यात नाग, घोणस, फुरसं असतंच, साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मुलाला न चालवता, हात-पाय न हलवता उचलून सरकारी हॉस्पिटल, जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) नाहीतर जवळचं जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं ते, कुठे आहे ते आजच फोन करून विचारून ठेवा. डोकं आपटून मूल बेशुद्ध झालं, ओकायला लागलं, नेहमीसारखं वागत नसलं तर घरी नेऊन बघू म्हणायचं नाही.

झालेलं सगळं वहीत, आणि न्यायला येणाऱ्याला तोंडाने, मूल हातात द्यायच्या आधी.

शेवटचं मूल गेलं की एकीने खाटा, टेबलाखाली, बाथरूम, अंगण, गाडी सगळं फिरून बघायचं आणि वहीत शून्य लिहून वेळ घालून सही करायची, मगच कुलूप.